आठ सेकंद चालू, दोन सेकंद बंद

बल्ब निदान पाच सेकंद बंद ठेवा. आता आठ सेकंद चालू. दोन सेकंद बंद. पुन्हा आठ सेकंद चालू, पुन्हा दोन सेकंद बंद. असं पाच वेळा केलं की बल्ब लुकलुकेल, म्हणजे काम झालं. नाही लुकलुकला तर तुमच्याकडचा बल्ब आधीच्या आवृत्तीचा असावा. त्याचे आकडे निराळे आहेत, तेही सांगतो.

'सी बाय जीई' या स्मार्ट बल्बसाठी खुद्द कंपनीनं काढलेल्या व्हिडिओतल्या या सूचना. २०१९ साली हा व्हिडिओ जगभर फिरला आणि जगभर त्याचं हसू झालं. एडिसनचा वारसा सांगणाऱ्या कंपनीनं गिऱ्हाइकाला बल्बसाठी घड्याळ लावून बटणापाशी उभं करावं, यात गंमत होतीच. पण हसून झाल्यावर वाटतं, कंपनीनं दुसरं करायचं तरी काय होतं? बल्बला बटण नसतं, पडदा नसतो, टाचणी खुपसायला भोकही नसतं. बाहेरच्या जगाकडून त्याला कळते ती एकच गोष्ट: वीज आली, वीज गेली. मागची सगळी जोडणी विसर आणि नव्यानं तयार हो, हे त्याला सांगायचं तर याच दोन खुणांतून सांगावं लागतं. आणि खूण अशी हवी, की रोजच्या वापरात ती चुकूनही कुणी करणार नाही.

चुकूनही कुणी करणार नाही, हे गृहीत आपल्याकडे टिकत नाही. वळवाचा पाऊस सुरू झाला की लाईट जाते, क्षणात येते, परत जाते, परत येते. बाजारातले कित्येक स्मार्ट बल्ब तीन ते पाच वेळा झटपट चालू-बंद केले की स्वतःला रिसेट करून घेतात. लाईटच्या अशा ये-जेत बल्बला वाटतं, मालकानंच हुकूम दिला. तो जुनं विसरतो आणि नव्या मालकाच्या शोधात भराभर लुकलुकू लागतो. घरातले म्हणतात, बल्ब गेला. दुकानदार म्हणतो, बदलून देतो. बल्बला मात्र काहीही झालेलं नसतं.

हबला, म्हणजे घरातल्या स्मार्ट उपकरणांना एकत्र बांधणाऱ्या डबीला, उपकरण जोडताना जे अडतं, त्यातला मोठा भाग असल्याच जातीचा असतो. उपकरणही धड असतं आणि हबही. बिघाड त्या दोघांच्या मधे असतो: विजेत, हवेत, भिंतीत, जुन्या जोडणीच्या आठवणीत, घरातल्या माणसांच्या सवयींत. खोक्यातल्या माहितीपत्रकात या मधल्या मुलखाबद्दल अवाक्षर नसतं. 'बटण पाच सेकंद दाबा, अ‍ॅप उघडा' एवढ्यावर ते संपतं.

स्क्रू ड्रायव्हर पुरत होता तेव्हा

ही कटकट मुळात हवीच कशाला, असं कुणी वैतागून विचारलं तर त्याला एक्स-टेनची गोष्ट सांगावी. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथस इथल्या पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीनं घरातल्याच विजेच्या तारांमधून निरोप पाठवण्याची ही पद्धत काढली. दिव्याच्या डबीवर दोन छोट्या चकत्या असत. एकीवर सोळा अक्षरं, दुसरीवर सोळा आकडे. स्क्रू ड्रायव्हरनं दोन्ही फिरवून हवा तो पत्ता लावायचा, तोच पत्ता नियंत्रकावर दाबायचा, दिवा लागला. एकूण २५६ पत्ते. अ‍ॅप नाही, पासवर्ड नाही, वाट बघणं नाही.

आणि कुलूपही नाही. शेजारच्या घरानं तेच अक्षर घेतलं असेल आणि दोन्ही घरांना वीज एकाच ट्रान्सफॉर्मरवरून येत असेल, तर त्यांनी आपला दिवाणखाना उजळला की आपली झोपायची खोलीही उजळू शकत असे. दिव्यापुरतं हे खपून गेलं. दाराचं कुलूप, घरातला कॅमेरा, पाण्याचा पंप या गोष्टी त्याच मार्गानं चालवायच्या म्हटल्यावर ओळख पटवणं भाग पडलं. पेअरिंगचा, म्हणजे जोडणीचा, सगळा व्याप या ओळख पटवण्यासाठी आहे.

फिलिप्सचे ह्यू दिवे २०१२च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आले. पुढच्या वर्षी पाउलुस स्खाउटसेन या डच तरुणानं, सूर्य मावळला की आपले ह्यू दिवे लागावेत म्हणून पायथन भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्यातून 'होम असिस्टंट' उभं राहिलं. फुकट मिळणारं, कुणालाही आतून बघता येईल असं हे सॉफ्टवेअर आज रास्पबेरी पायसारख्या तळहाताएवढ्या संगणकावर चालतं. विकतचा हब घ्या किंवा हा घरी उभारलेला, नव्या उपकरणाची ओळख पटवण्याचा विधी बराचसा सारखा असतो. तो झिगबी या बिनतारी पद्धतीच्या उदाहरणावरून समजून घेऊ, कारण ह्यूसकट कितीतरी कंपन्यांचे दिवे, प्लग आणि दाराचे सेन्सर याच पद्धतीनं बोलतात.

'उपकरण जोडा' म्हटलं की हब नवागताला ठरावीक वेळेची मुभा देतो. ही मुदत सेकंदांत मोजली जाते आणि ती फार तर २५४ सेकंद असते, म्हणजे सव्वाचार मिनिटं. तेवढ्यात नवं उपकरण झिगबीच्या सोळा चॅनलवर एकेक करून हाका मारत जातं. हब उत्तर देतो, किंवा हबशी आधीच जोडलेला आणि इतरांचे निरोप पुढे पोचवणारा एखादा प्लग वा बल्ब देतो. ज्याचं उत्तर खणखणीत ऐकू येईल त्याला उपकरण धरतं. मग हब त्याला सगळ्या जाळ्याची गुप्त किल्ली पाठवतो. ती उघडी पाठवणं धोक्याचं, म्हणून दुसऱ्या एका किल्लीत बंद करून पाठवतात. आणि ही दुसरी किल्ली वर्षानुवर्षं सगळ्यांच्या उपकरणांत तीच आहे: 'झिगबीअलायन्स०९', रोमन लिपीत मोजून सोळा अक्षरं. ती कधीच जगजाहीर झाली आहे. म्हणजे जोडणीच्या त्या काही क्षणांत भिंतीपलीकडे कुणी योग्य यंत्र घेऊन कान लावून बसला असेल, तर तुमच्या घराची किल्ली त्याच्या हाती पडू शकते. झिगबी ३.०मध्ये प्रत्येक उपकरणावर वेगळा संकेत छापायची सोय आहे, पण घरगुती वस्तूंवर तो क्वचितच दिसतो. त्यामुळे हब मुभा देतो ती मोजून-मापून. आपण बॅटरीखालची प्लास्टिकची पट्टी ओढत, चष्मा शोधत, बारीक बटण चाचपत असतो तोवर ती संपूनही गेलेली असते. उपकरण हाका मारत राहतं, उत्तर द्यायला कुणी नसतं. 'उपकरण सापडलं नाही' असा निरोप येतो तेव्हा आधी हे तपासावं.

किल्ली मिळाली की काम झालं, असं वाटतं. खरी गंमत तिथून सुरू होते. आता हब उपकरणाला विचारतो: तू कोण, कुठल्या कंपनीचा, तुला काय काय येतं, दिवा आहेस की तापमापक, बॅटरीवर आहेस की तारेवर? होम असिस्टंट या टप्प्याला सरळ 'मुलाखत' म्हणतं. दाराच्या सेन्सरची अडचण अशी, की गोल चपट्या बॅटरीवर दीड-दोन वर्षं काढायची म्हणून तो जवळजवळ सदा झोपलेला असतो. बटण दाबलं की जागा होतो, किल्ली घेतो आणि दोन-चार सेकंदांत पुन्हा झोपतो. मुलाखत अर्धवट राहते. यादीत सेन्सर दिसतो, त्याच्या नावाऐवजी आकड्यांची एक लांबलचक ओळ दिसते, आणि दार उघडा की मिटा, त्याला त्याचं काही नसतं. लोक इथं उपकरण काढून टाकतात आणि पहिल्यापासून सुरुवात करतात, पुन्हा तिथंच अडकतात. उपाय साधा आहे. पडद्यावर मुलाखत पूर्ण झाल्याचं दिसेपर्यंत दर दोन-तीन सेकंदांनी सेन्सरचं बटण हलकं दाबत राहायचं. धरून ठेवायचं नाही, धरलं की रिसेट. नुसतं टोचत राहायचं, झोपू द्यायचं नाही.

आधी काडीमोड

झेड-वेव्ह नावाच्या दुसऱ्या पद्धतीत जुन्या जोडणीचा पगडा आणखी घट्ट असतो. एका जाळ्यात घेतलेलं उपकरण तिथून रीतसर वगळल्याशिवाय दुसऱ्या जाळ्यात जात नाही. आधी काडीमोड, मगच दुसरी सोयरीक. यात सोय अशी, की ही काडीमोड कुठलाही झेड-वेव्ह हब देऊ शकतो. जुना हब हयात असावा लागत नाही. कारखान्यात तपासणीच्या वेळी जोडून मग तसंच खोक्यात भरलेलं उपकरण मिळाल्याची उदाहरणं असल्यानं जाणते लोक कोऱ्या उपकरणालाही आधी वगळतात आणि मग सामावून घेतात. ऐकायला विचित्र, पण पुष्कळ वैताग वाचवणारं.

वायफायच्या उपकरणांत जुनी जोडणी उपकरणात नसते, कंपनीच्या सर्व्हरवर असते. भाडेकरू फ्लॅट सोडून जातो, भिंतीतले स्मार्ट स्विच मागे राहतात आणि ते त्याच्याच खात्याला बांधलेले असतात. नव्या भाडेकरूनं बटण दहा सेकंद दाबलं काय नि दहा मिनिटं दाबलं काय, कित्येक कंपन्यांचं अ‍ॅप सांगतं की हे उपकरण दुसऱ्या कुणाचं आहे. आधीच्या भाडेकरूनं आपल्या अ‍ॅपमधून ते काढून टाकलं तरच सुटका. भाडेकरारात पंखे किती, गिझर किती याची यादी असते, तिथंच ही एक ओळ घालायला हरकत नाही.

आता या रिसेटविषयी. काहीही अडलं की फॅक्टरी रिसेट करा, हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की तो निरुपद्रवी वाटू लागला आहे. २०२२च्या एप्रिलमध्ये इन्स्टिऑन या अमेरिकन कंपनीचे सर्व्हर काही न कळवता बंद पडले. घरोघरचे दिवे अ‍ॅपला दाद देईनात. पुष्कळांनी नेहमीचा उपाय केला आणि हब रिसेट केला. तेच जास्त फसले, कारण कोरा हब पुन्हा उभा करायला तेच सर्व्हर लागत होते आणि ते तर गायब होते. ज्यांनी हात लावला नाही, त्यांच्या हबमधली जोडणी शाबूत होती. होम असिस्टंटसारखं घरातच चालणारं सॉफ्टवेअर लावून त्यांनी दिवे चालू ठेवले. पुढे जूनमध्ये काही ग्राहकांनीच मिळून कंपनी विकत घेतली आणि सर्व्हर परत सुरू झाले. तेव्हा रिसेट हा शेवटचा उपाय. त्याआधी हबची नोंदवही, ज्याला लॉग म्हणतात, ती उघडून बघावी. उपकरणाची हाक हबपर्यंत पोचली की नाही, एवढं तरी तिच्यातून कळतं. आणि न पोचलेल्या हाकेवर रिसेट हे औषध नाही.

हवेतली गर्दी

हाक पोचत नसेल तर हवा तपासायची. झिगबी आणि घरातलं नेहमीचं वायफाय २.४ गिगाहर्ट्‌झच्या एकाच पट्ट्यात राहतात, आणि वायफायचा आवाज कितीतरी मोठा. राउटर बहुधा १, ६ किंवा ११ या चॅनलवर असतो. या तिघांच्या मधे ज्या अरुंद फटी उरतात तिथं झिगबीचे १५ आणि २० हे चॅनल बसतात, आणि वायफायच्या अकराव्या चॅनलच्या वर २५ आणि २६. सव्विसाव्यावर काही उपकरणं बोलतच नाहीत, म्हणून पंचविसावा बरा. झिगबीचे चॅनल मोजायला अकरापासून सुरुवात होते, त्यामुळे झिगबीचा ११ आणि वायफायचा ११ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. उलट झिगबीचा ११ येतो तो थेट वायफायच्या पहिल्या चॅनलच्या अंगावर. हे ठाऊक नसलेला माणूस दोन्हीकडे वेगवेगळे आकडे लावून निर्धास्त होतो. इमारतीत प्रत्येक मजल्यावर चार-चार राउटर असतील तर फटीही बुजतात, पण निदान स्वतःच्या राउटरला 'आपोआप चॅनल निवड' हे काम देऊ नये. आज जोडलेलं उद्या का तुटलं, याचं उत्तर पुष्कळदा त्या एका खुणेत सापडतं.

याहून फसवा शत्रू संगणकाच्या पाठीशी असतो. रास्पबेरी पायवर होम असिस्टंट चालवणारे लोक झिगबीसाठी यूएसबीची एक काडी घेतात आणि समोर दिसेल त्या खाचेत खुपसतात. निळी खाच म्हणजे यूएसबी ३. तिच्यातून धावणाऱ्या माहितीचा विद्युत गोंगाट नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्‌झमध्ये सांडतो, हे इंटेल कंपनीनं २०१२ साली मोजून प्रसिद्ध केलं होतं. अशा वेळी हातभर अंतरावरचा बल्ब जोडला जातो आणि पलीकडच्या खोलीतला जात नाही. माणूस बल्बला दोष देतो, भिंतीला देतो, अँटेना बदलतो. इलाज आहे एक मीटरची यूएसबी वायर: काडी संगणकापासून लांब न्यायची आणि जुन्या, काळ्या यूएसबी २च्या खाचेत लावायची. या सगळ्या विषयात पैशाला पैसा मोजून इतका गुण देणारा दुसरा उपाय मला माहीत नाही.

भिंतींचं म्हणाल तर पाश्चात्त्य घरं बरीचशी लाकडी चौकटीची आणि पातळ तक्त्यांची. आपली विटांची, आरसीसीची, कॉलमांत सळया. त्यात भिंतीला टेकून लोखंडी कपाट. माहितीपत्रकावर छापलेलं तीस मीटरचं अंतर मोकळ्या हवेतलं असतं. हॉल आणि मागच्या खोलीच्या मधे चालू प्लग लावून निरोपाला टप्पा द्यावा लागतो. क्रम महत्त्वाचा: आधी तारेवर चालणारे प्लग आणि स्विच जोडावेत, हबपासून सुरू करून बाहेरच्या दिशेनं, बॅटरीवरचे सेन्सर सगळ्यात शेवटी, आणि जिथं बसवायचे तिथंच नेऊन जोडावेत. काही कंपन्यांचे सेन्सर एकदा ज्या प्लगला धरतात त्याला सहजी सोडत नाहीत. हबशेजारी टेबलावर जोडून मग गच्चीच्या दाराला चिकटवले की दोन दिवसांनी रुसतात.

कुलकर्णींचा वायफाय

आपल्याकडे सर्वाधिक खपतात ती मात्र हबविना थेट वायफायवर चालणारी उपकरणं, आणि त्यांची जोडणी हा एक चातुर्याचा प्रकार आहे. बल्ब अजून घराच्या वायफायमध्ये आलेला नाही. पासवर्ड त्याला ठाऊक नाही. मग फोनने तो सांगायचा कसा? एक युक्ती अशी. फोन हवेत एकामागून एक पाकिटं सोडतो. वायफाय कुलूपबंद असल्यानं आतला मजकूर बल्बला वाचता येत नाही, पण पाकीट किती लांब आहे हे त्याला मोजता येतं. म्हणून फोन पासवर्ड मजकुरात लिहीतच नाही. पाकिटांच्या लांबीत लिहितो. बल्ब लांब्या मोजत मोजत पासवर्ड जुळवतो. ज्या डोक्यातून हे निघालं त्याला दाद द्यायला हवी.

फसतं कुठं? या बल्बांतल्या स्वस्त चिपना २.४ गिगाहर्ट्‌झच तेवढं ऐकू येतं. नवा राउटर मात्र २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ एकाच नावाखाली देतो आणि फोन वेगाच्या मोहानं ५वर जाऊन बसतो. फोन बोलतो एकीकडे, बल्ब कान देऊन असतो दुसरीकडे. राउटरमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्यावीत, किंवा जोडणीपुरतं ५ बंद ठेवावं. तेही जमत नसेल तर फोन घेऊन राउटरपासून लांब जावं. दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्‌झ मलूल होतं आणि फोन आपणहून २.४वर उतरतो.

दुसरी रीत म्हणजे बल्ब स्वतःचंच छोटं वायफाय उभं करतो, फोननं त्यात शिरून पासवर्ड द्यायचा. बल्ब भराभर लुकलुकत असेल तर बहुधा पहिली रीत, सावकाश लुकलुकत असेल तर दुसरी. दुसऱ्या रीतीत फोनचा मोबाइल डेटा आधी बंद करावा. बल्बच्या वायफायला इंटरनेट नाही हे शहाण्या फोनला लगेच कळतं आणि तो आपल्याला न विचारता मोबाइल डेटाकडे वळतो. जोडणी निम्म्यात सुटते. अँड्रॉइडवर लोकेशनची परवानगी नाकारली असेल तरीही आसपासची उपकरणं दिसत नाहीत. ती नाकारणाऱ्याचा मी आदर करतो, पण जोडणीपुरती द्यावी लागते.

खास मराठी घरांसाठी एक गोष्ट. वायफायला देवनागरीत नाव देण्याची हौस आता वाढली आहे, आणि असावी. पण वायफायच्या नावाला ३२ बाइटची मर्यादा आहे. रोमन लिपीतलं साधं अक्षर एका बाइटमध्ये मावतं. देवनागरीत प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी, प्रत्येक अनुस्वार आणि जोडाक्षरातला दडलेला हलन्तसुद्धा तीन-तीन बाइट खातो. 'कुलकर्णी' चोविसात बसतात. 'कुलकर्णींचा' म्हटलं की ३३ झाले, वायफायला जागाच नाही. मर्यादेत बसलेलं देवनागरी नावसुद्धा फोनला चालतं पण काही बल्बांना पचत नाही, तीच गत पासवर्डातल्या चित्रविचित्र चिन्हांची. हौस भागवायची तर राउटरवर उपकरणांसाठी रोमन लिपीतलं दुसरं साधं नाव ठेवावं.

बॅगेतून आलेलं

अमेरिकेतल्या लेकीनं किंवा भाच्यानं बॅगेतून आणलेल्या वस्तूंचा वेगळाच पेच असतो. तिथला बल्ब १२० व्होल्टचा. इथं २३०वर लावला तर जोडणीचा प्रश्न कायमचा मिटतो. झेड-वेव्हची उपकरणं तर लहरींनीच देशोदेशी बांधलेली. अमेरिकेत ती ९०८.४२ मेगाहर्ट्‌झवर बोलतात, भारतात ८६५.२वर. कितीही बटणं दाबा, इथला हब आणि तिथलं कुलूप यांची गाठ पडायची नाही. चीनच्या बाजारासाठी बनलेल्या काही वस्तूंची पेअरिंग तर लहरींवर नाही, खात्यावर अडते: अ‍ॅपमध्ये देश म्हणून चीन निवडला तरच ती सापडतात, भारत निवडला की अदृश्य. झिगबी मात्र जगभर त्याच २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतं. प्रवासातून काही आणायचंच असेल तर बॅटरीवरचा झिगबी सेन्सर आणावा.

बोर्डाच्या आत

माझं स्पष्ट मत असं, की आपल्या घरांत स्मार्ट बल्बपेक्षा स्मार्ट स्विच शहाणा. बल्बला चोवीस तास वीज हवी असते. आपल्याकडे झोपण्यापूर्वी घरभर फिरून बटणं बंद करणारं एक माणूस असतंच, आणि ते बरोबरच वागत असतं. पण झिगबीचा बल्ब नुसता दिवा नसतो, तो इतरांचे निरोपही पोचवत असतो. हॉलमधलं बटण बंद झालं की त्याच्या आधारानं बोलणारा दारावरचा सेन्सरही मुका होतो, आणि सकाळी हबच्या यादीत पाच-सहा उपकरणं 'अनुपलब्ध' दिसतात. माणसाची सवय बदलण्यापेक्षा बोर्डातला स्विच बदलणं सोपं.

सोपं म्हणजे वायरमन हाताशी असेल तर. स्विचमागे बसणाऱ्या मॉड्यूलला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. ज्या बोर्डावर सॉकेट आहे तिथं न्यूट्रल असतंच. जिन्याच्या टू-वे बोर्डात किंवा पलंगाशेजारच्या दोन बटणांच्या बोर्डात पुष्कळदा नसतं. न्यूट्रलविना चालणारी मॉड्यूल मिळतात. ती बल्बमधूनच किंचित वीज चोरून जगतात. एलईडी बल्ब फार कमी वॉटचा असेल तर तेवढ्यानं तो बंद असतानाही मंद उजळतो, किंवा मॉड्यूललाच पुरेशी वीज मिळत नाही आणि पेअरिंगला रेडिओ जोर लावू लागला की ते मधेच मान टाकतं. दिव्याच्या टोकाशी कंपनीनं दिलेला छोटा कपॅसिटर लावला की दोन्ही तक्रारी थांबतात. हे वायरमन एका नजरेत ओळखतो, अ‍ॅपमधल्या मदतीच्या पानांवर ते सापडत नाही.

भिंतीत गाडलेला डबा पुष्कळ घरांत जीआय पत्र्याचा असतो, म्हणजे रेडिओ लोखंडी पेटीत बसवल्यासारखा. मॉड्यूलची बारीक अँटेनाची तार डब्याच्या तळाशी कोंबू नये, समोरच्या प्लास्टिकच्या पट्टीलगत आणावी. पंख्याचा स्मार्ट रेग्युलेटर बीएलडीसी पंख्याला लावू नये. त्याला सलग पूर्ण वीज लागते आणि वेग तो स्वतः ठरवतो. राउटर आणि हब इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्यावेत, नाहीतर लाईट आल्यावर बल्ब दोन सेकंदांत जागे होतात आणि राउटरला दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात काही उपकरणं कंटाळून नाद सोडतात. रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड तर अचानक गेलेल्या विजेनं खराबही होतं.

या साऱ्यावर तोड म्हणून अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गूगल आणि झिगबी अलायन्स २०१९च्या डिसेंबरमध्ये एकत्र आले. त्यातून आलेल्या 'मॅटर' या सामायिक पद्धतीची पहिली आवृत्ती २०२२च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झाली. क्यूआर कोड टिपा, ब्लूटूथवरून ओळख पटेल, कुठल्याही कंपनीचा हब चालेल, असा वायदा. वायदा बराचसा खरा आहे. पण मॅटरच्या ज्या वस्तू 'थ्रेड' या बिनतारी जाळ्यावर बोलतात त्यांना ते जाळं घरच्या वायफायशी जोडणारा बॉर्डर राउटर लागतो आणि तो घरात नसेल तर क्यूआर कोड टिपून काहीच होत नाही. मॅटर घरातल्या जाळ्यावर आयपीव्ही६ने बोलतं. काही राउटर ते वा त्यासोबतचे सामूहिक निरोप अडवतात. दुसऱ्या हबला तेच उपकरण द्यायचं असेल तर छापलेला कोड चालत नाही, पहिल्या अ‍ॅपमधून नवा मागावा लागतो आणि तो फार तर पंधरा मिनिटं जिवंत राहतो. सगळ्यात वरचढ म्हणजे तो छापलेला कोड स्विचच्या पाठीवर असतो, आणि पाठ भिंतीत जाते. बोर्ड बंद करण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवावा. वर्षभरानं हब बदलला की चारही स्क्रू उघडायची वेळ येत नाही.

मालक कोण?

मुलगा न्यू जर्सीला, आई-बाबा सांगलीला. सुट्टीत आलेला मुलगा सगळं घर स्मार्ट करून जातो: दिवे, पंप, दाराची घंटा. खातं त्याच्या ईमेलवर, पडताळणीचा ओटीपी त्याच्या तिथल्या नंबरवर. पुढे कधीतरी एक बल्ब रिसेट होतो, आणि सांगलीत सकाळचे दहा म्हणजे तिथं मध्यरात्र. वायफायचा बल्ब मुलाला तिथून जोडताही येत नाही, कारण जोडणाऱ्याचा फोन याच घराच्या वायफायमध्ये किंवा ब्लूटूथच्या टप्प्यात असावा लागतो. झिगबी आणि झेड-वेव्हचं तसं नाही. तिथं ओळख पटवणारा हब घरातच असतो. मुलानं तिकडून मुभा द्यायची, इकडे बाबांनी बटण दाबायचं, व्हिडिओ कॉलवर एकानं मुलाखतीची ओळ वाचून दाखवायची. लांब राहून घर सांभाळायचं असेल तर हबवाली पद्धत घेण्याचं हे एक कारणच पुरेसं आहे.

आणि अ‍ॅपमध्ये आईचं नाव घालताना सदस्य म्हणून घालायचं की व्यवस्थापक म्हणून, हे नीट बघावं. बहुतेक अ‍ॅपमध्ये सदस्याला दिवा लावता येतो, मालवता येतो. नवा जोडता येत नाही.